हाताला हलकी गिटार

महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त होऊन मंजुळाताई शेजवळांना जेमतेम पंधरवडा झाला असेल, तेवढ्यात त्यांच्या मंडळाची पेटी गेली. पेटी गेली म्हणजे पेटी वाजवणारी प्रमोदिनी गेली. तिच्या मुलाने खडवलीला घर बांधलं आणि ती पेटीसकट विठ्ठलवाडी सोडून तिकडे राहायला गेली. सुजाता महिला मंडळाच्या बायका दर रविवारी विहारात जमून बुद्धगीतं, भीमगीतं म्हणायच्या. त्यांच्याकडे आता उरली फक्त स्वप्ना आणि तिची ढोलकी. नुसत्या ढोलकीवर गायला लागलं की शेवटच्या कडव्यापर्यंत सूर कुठल्या कुठे चढलेला असायचा, आणि निम्म्या जणी नुसते ओठ हलवत बसायच्या.

"कुणीतरी सुराचं काहीतरी शिकायला पाहिजे बाई," स्वप्ना म्हणाली.

"मी शिकते," मंजुळाताई म्हणाल्या. "गिटार."

"गिटार? आपल्या गाण्यांना?"

"का? सूर धरून ठेवल्याशी मतलब. घरात आहे, पडून आहे. आणि बुद्धपौर्णिमेला अजून बक्कळ वेळ आहे."

मंजुळाताई कित्येक वर्षं ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. त्यांनी एखादी गोष्ट बोलून दाखवली की ती झाल्यातच जमा असते, हे सगळ्या बायकांना माहीत होतं.

गिटार होती रत्नदीपची, त्यांच्या मुलाची. अकरावीत असताना त्याने हट्टाने घेतलेली. वर्षभर गॅलरीत बसून त्याने ती घासली, मग कॉलेजच्या ग्रुपमध्ये घेतलं नाही म्हणून कपाटावर टाकली, ती तिथेच राहिली. रत्नदीप आता हैदराबादला एका औषध कंपनीत होता. भगवानरावांनी स्टुलावर चढून गिटार खाली काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि बायकोच्या हातात दिली.

"केवढी मोठी आहे ही," ते म्हणाले. "तू हिच्यामागे दिसणार तरी का?"

"दिसायला कुठे जायचंय, वाजवायला जायचंय," मंजुळाताई म्हणाल्या.

कोळसेवाडीत केदार नावाच्या मुलाचा क्लास होता. तिशीच्या आतबाहेरचा, गोड गळ्याचा, शिकवण्यात जीव ओतणारा पोरगा. क्लासात सगळी कॉलेजची मुलं आणि त्यांच्यात मधोमध साडी नेसलेल्या मंजुळाताई. पहिल्या दिवशी मुलं बिचकली. दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचे मोबाइल वाजायचे बंद झाले, कारण मंजुळाताई नुसतं वळून बघायच्या.

शिकणं मात्र सरकेना. सुरुवातीचे सोपे कॉर्ड, म्हणजे दोन-तीन बोटांनी एकदम धरायचे सूर, कसेबसे बसले, पण तारा बोटांत सुरीसारख्या रुतायच्या. कितीही जोर लावला तरी एखादी तार मुकी राहायची, नाहीतर खरखर करायची. आणि एफचा कॉर्ड तर वाजेचना. त्यात डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. मंजुळाताईंचं बोट आडवं पडायचं, मनगट दुखायचं, अंगठा भरून यायचा, आणि आवाज निघायचा रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा.

"दुखणारच काकू," केदार म्हणायचा. "सगळ्यांना दुखतं. बोटांना घट्टे पडले की जमेल. थोडं सोसा."

दुखण्याला मंजुळाताई घाबरत नव्हत्या. त्या रोज सकाळी आणि संध्याकाळी बसायच्या. बोटांना घट्टे पडले, ते सोलून निघाले, पुन्हा पडले. पण एफ होता तिथेच होता. त्यांच्याबरोबर क्लासला आलेली कृतिका नावाची मुलगी, जी सराव करत नाही म्हणून केदारची बोलणी खायची, ती मात्र एफ धरून गाणी म्हणायला लागली होती. मंजुळाताईंनी तिचे हात नीट बघितले. बोटं बारीक, मऊ, घट्ट्याचं नाव नाही. हे गणित त्यांना पटेना.

एके दिवशी कृतिका पाणी प्यायला उठली, तेव्हा त्या म्हणाल्या, "जरा तुझी घेऊ गं?"

"घ्या ना काकू."

त्यांनी कृतिकाची गिटार मांडीवर घेतली, बोट आडवं टाकलं आणि हात फिरवला. एफ वाजला. सगळ्या तारा स्वच्छ, घंटेसारख्या. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. मंजुळाताईंनी पुन्हा वाजवला, पुन्हा तसाच वाजला. मग स्वतःची गिटार घेऊन तोच कॉर्ड धरला. टिचकी.

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या बोटांना काही झालेलं नाही. ही गिटार आजारी आहे."

केदार हसला. "काकू, गिटारला दोष देणं सोपं असतं. चांगला वाजवणारा कुठल्याही गिटारवर वाजवतो. मी स्वतः याहून बेकार गिटारवर शिकलोय."

"मग आजचा तास तुम्ही माझी घ्या. मी तुमची घेते."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. केदारने ती मोठी गिटार घेतली आणि वाजवली, अर्थातच छान वाजवली. पण दुसऱ्या गाण्याला तो थांबून डावा हात झटकायला लागला. तिसऱ्या गाण्यात त्याने एफच्या जागी हळूच दुसरा सोपा कॉर्ड घेतला, आणि मंजुळाताईंनी ते ऐकलं. तास संपल्यावर त्याने गिटार आडवी धरून एका डोळ्याने तिच्या मानेवरून नजर टाकली. तारा आणि लाकूड यांच्यामधून करंगळी सहज गेली असती.

"जड आहे," तो कबूल झाला. "फारच जड आहे. मी आधी बघायला पाहिजे होती."

"आमच्या थिएटरमध्ये प्रत्येक सर्जनच्या मापाचे ग्लोव्ह्ज वेगळे असायचे," मंजुळाताई म्हणाल्या. "कुणाला साडेसहा, कुणाला साडेसात. सैल ग्लोव्ह घालून टाके घाला, होईल सवय, असं आम्ही कुणाला सांगितलं नाही. तुम्ही जड गिटारवर शिकलात ही तुमची कमाल. पण म्हणून मी पण तशीच शिकायला पाहिजे असं काही नाही."

केदारला ते लागलं नाही. लागलं असलं तरी त्याने मनावर घेतलं नाही, उलट फोन काढून एक नंबर दिला. "ठाण्याला नयन म्हणून एक आहे. गिटारी दुरुस्त करते. तिच्याकडे जा. मीच सांगून ठेवतो."

नयनचं दुकान नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर होतं. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, टेबलावर कानस, किसण्या, बारीक पाने, आणि खोलीभर लाकडाच्या भुशाचा वास. नयन पस्तिशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेली, कमी बोलणारी. तिने मंजुळाताईंची गिटार लगेच हातात घेतली नाही. आधी त्यांना भिंतीवरच्या गिटारी एकेक करून वाजवायला दिल्या.

"एफ धरा," ती म्हणायची. "काय वाटतं ते सांगा."

पहिली होती नायलॉनच्या तारांची. बोटांना लोण्यासारखी मऊ. पण मान इतकी रुंद की मंजुळाताईंचं बोट शेवटच्या तारेपर्यंत पोचेना. "तारा चांगल्या, पण माझा हात लहान पडतो," त्या म्हणाल्या. दुसरी बारा तारांची. तिच्यात तारा जोडीजोडीने होत्या. ती त्यांनी एकदा दाबली आणि परत केली. "ही पैलवानाला द्या." तिसरी एक लहानखुरी, कमरेत बारीक. ती मांडीवर बसली आणि मंजुळाताईंचा उजवा खांदा आपोआप खाली आला. आपण इतके दिवस खांदा उचलून वाजवत होतो हे त्यांना तेव्हा कळलं. एफ अलगद वाजला.

"ही कुणाची?"

"माझीच. विकायला ठेवलीय. पण आधी तुमची बघू." नयनने आता ती मोठी गिटार टेबलावर घेतली. "तारा चढवलेल्या ठेवूनच हिला वर्षानुवर्षं ठेवलं होतं ना? तारा सतत ओढत राहतात, त्याने मान पुढे वाकते. मान वाकली की तारा उंच होतात. आणि हे इथे बघा." खुंट्यांच्या खाली एक पांढरी पट्टी होती, तिच्या खाचांमधून तारा जात होत्या. "या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नाहीत. म्हणजे ही नवी होती तेव्हाच जड होती. एफ इथे, या पट्टीच्या अगदी जवळ धरायचा असतो. त्यामुळे सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो."

"नवी होती तेव्हाच?" मंजुळाताईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. होईल नीट. खाचा खोल करीन, खालचं हाड, म्हणजे तारा खाली जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून बसवीन, मान सरळ करीन, तारा बारीक चढवीन. पण घासलेलं परत येत नाही. पुन्हा उंच करायचं झालं तर नवं बसवावं लागतं. गिटार तुमचीच ना?"

"मुलाची."

"मग त्याला विचारा."

मंजुळाताईंनी तिथूनच फोन लावला. रत्नदीप ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत होता.

"मम्मी, त्या गिटारसाठी तू ठाण्याला गेलीस? भंगारात देऊन टाक ना ती."

"नीट होणार आहे. घासू की नको?"

"घास. मला कुठे आली ती. माझ्या बोटांत नाहीच ते."

"तुझ्या बोटांचं नंतर बघू. घासू, हो ना?"

"हो."

फोन ठेवला तरी ते वाक्य त्यांच्या मनातून जाईना. हे वाक्य नवं नव्हतं. कॉलेजच्या ग्रुपने नाकारल्यापासून रत्नदीप ते पुष्कळदा म्हणायचा. पोहण्याच्या बाबतीत, स्टेजवर बोलण्याच्या बाबतीत, मध्ये एकदा चांगली बढती चालून आली तेव्हासुद्धा. माझ्यात नाहीच ते. हे वाक्य त्याच्या तोंडी पहिल्यांदा कधी आलं ते मंजुळाताईंना पक्कं आठवत होतं: त्या ग्रुपसमोर त्याचा एफ वाजला नाही त्या दिवशी.

"करा सुरू," त्या नयनला म्हणाल्या.

गिटार परत आली तेव्हा ती दुसरीच वस्तू झाली होती. तारा लाकडाला चिकटल्यासारख्या खाली. नुसतं बोट टेकवलं की सूर. मंजुळाताईंनी त्या आठवड्यात क्लासमध्ये दोन गाणी पुरी वाजवली आणि केदारने त्यांना पुढचा धडा दिला.

रविवारी विहारात त्यांनी पहिल्यांदा मंडळाला साथ केली, आणि तिथे नवीनच पंचाईत झाली. खोलीत गोड वाजणारी गिटार स्वप्नाच्या ढोलकीपुढे ऐकूच येईना. म्हणून मंजुळाताईंनी हात जोरात मारला, तर तारा मानेवरच्या फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या, पट्ट्यांवर आपटून झणझणायला लागल्या. जणू पातेल्यात चमचे पडले.

"ताई, आधीची बरी होती का?" स्वप्नाने भीत भीत विचारलं.

"छे. आधी उंच होती, आता जरा जास्तच खाली झालीय. मधलं काढू."

त्या पुन्हा ठाण्याला गेल्या. नयनने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुम्ही घरात बसून वाजवणार असं मी धरलं होतं. ढोलकीचं बोलला नव्हतात."

"चुकलंच. आता ऐका. मला चाळीस बायकांच्या आवाजाखाली आणि एका ढोलकीशेजारी वाजवायचंय. बोटांना थोडं दुखलं तरी चालेल, पण हात मारला की आवाज निघायला पाहिजे."

नयनने खालचं हाड नवं बसवलं, केसभर उंच. तारा एका नंबरने जाड चढवल्या. मग गिटार मंजुळाताईंच्या हातात देऊन म्हणाली, "जोरात मारा. आणखी जोरात. लाजू नका." मंजुळाताई लाजणाऱ्यांपैकी नव्हत्याच. शेजारच्या शिंप्याने डोकावून बघितलं, तेव्हाच दोघी थांबल्या. झणझण नव्हती. एफला जोर थोडा जास्त लागत होता, पण तो हाताच्या आवाक्यातला जोर होता.

"हे माझं माप," मंजुळाताई म्हणाल्या.

बुद्धपौर्णिमेच्या आधी चार दिवस रत्नदीप सुट्टी काढून घरी आला. दुपारी जेवण व्हायचं होतं. मंजुळाताई हॉलमध्ये सराव करत होत्या, तो शेजारी सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. कुकरची शिट्टी झाली तशी त्यांनी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. "जरा धर. आमटी बघून येते."

आमटीला बघण्यासारखं काही नव्हतं. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. बाहेरून आधी एक सुटी तार वाजली. मग एक सोपा कॉर्ड, मग दुसरा. हात जुने रस्ते शोधत होते. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग एफ. स्वच्छ. पुन्हा शांतता. पुन्हा एफ.

"मम्मी."

त्या बाहेर आल्या. रत्नदीप गिटारच्या मानेकडे बघत होता. "ही तीच आहे?"

"तीच."

"काय केलंय हिला?"

त्यांनी सगळं सांगितलं: वाकलेली मान, उथळ खाचा, आणि नयनने म्हटलेलं की ही पहिल्या दिवसापासूनच जड होती. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. आधी आश्चर्य, मग राग.

"म्हणजे तेव्हा मला येत होतं," तो म्हणाला. "मी त्या पोरांसमोर बसून घाम गाळत होतो, ते हसत होते, आणि मला येत होतं."

"येत होतं की नाही ते मला माहीत नाही, तुलाही नाही," मंजुळाताई म्हणाल्या. "पण तुझ्यात काही कमी आहे हे तू या गिटारवरून ठरवलंस, आणि ते चूक होतं. एवढं मात्र नक्की."

"इतकी वर्षं गेली ना पण."

"गेली. तू अजून तिशीचा नाहीस रे. मी साठीला टेकलेय आणि आता शिकतेय. भात व्हायला अजून वेळ आहे. वाजव."

त्याने वाजवलं. भात झाला, निवला, भगवानरावांनी दोनदा हाक मारली, तरी तो वाजवतच होता.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराच्या अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका तीन ओळींत बसल्या, पुढे डावीकडे स्वप्ना, उजवीकडे मंजुळाताई. वंदना झाली, मग गाणी सुरू झाली. पहिल्या गाण्यात मंजुळाताईंचा एक कॉर्ड चुकला. त्या थांबल्या नाहीत, पुढच्या मात्रेला बरोबर जागी उतरल्या. दुसऱ्या गाण्यात स्वप्नाने अंगात आल्यासारखी लय वाढवली, तेव्हा मंजुळाताईंनी हात जड केला आणि तिला मागे ओढून आणलं. गिटार मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जात होती. शेवटचं कडवं आलं तेव्हा सगळ्या बायका खणखणीत गात होत्या, एकीनेही नुसते ओठ हलवले नाहीत. सूर जिथे सुरू झाला होता, तिथेच होता.

खडवलीहून प्रमोदिनी मुद्दाम आली होती. कार्यक्रम झाल्यावर तिने मंजुळाताईंचा डावा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं चाचपून बघितली.

"आता पेटीची गरज नाही तर," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी रुखरुख होती.

"कोण म्हणतं? महिन्यातून एकदा तरी येत जा. दोन्ही मिळून वाजवू. मला पेटीच्या काळ्या पट्टीतलं अजून काही समजत नाही, ते तूच सांग."

परत जायच्या आदल्या दिवशी रत्नदीप बॅग भरता भरता आईजवळ येऊन उभा राहिला. त्याला काय विचारायचंय ते मंजुळाताईंना समजलं होतं, पण त्यांनी त्याला बोलू दिलं.

"मम्मी, गिटार मी नेऊ? म्हणजे तुझं मंडळ आहे, मला माहितीय. पण तिकडे ऑफिसमधले काहीजण शनिवारी जमतात. मी कधी गेलो नाही."

"ने की. तुझीच आहे. फक्त महिनोन् महिने वाजवणार नसशील तर तारा सैल कर."

हे कळल्यावर स्वप्ना हवालदिल झाली. "ताई, आत्ता कुठे बसलं होतं सगळं. आता रविवारचं काय?"

"रविवारपर्यंत होईल सोय," मंजुळाताई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्याला गेल्या. फोनवर सांगितल्याप्रमाणे ती लहानखुरी गिटार नयनने त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, तारा त्यांच्या मापाने चढवून. मंजुळाताईंनी उभ्या उभ्याच वाजवून बघितली. आवाज मोठ्या गिटारपेक्षा थोडा कमी होता.

"विहारात माइक लावा," नयन म्हणाली. "की जाड तारा चढवू? पण मग बोटांना लागेल."

"माइक लावू. बोटं मला अजून बरीच वर्षं वापरायची आहेत."

संध्याकाळी त्या क्लासला गेल्या. केदारने नवी गिटार हातात घेऊन मानेवरून नजर टाकली, दोन कॉर्ड वाजवले, आणि खुशीत मान हलवून परत दिली.

"आता काय शिकायचं काकू?"

"प्रमोदिनी म्हणते, बायकांना अर्धा सूर खाली घेतलं तर वरचे सूर मोकळे लागतील. मग माझे सगळे कॉर्ड बदलतात ना? ते दाखवा."

"त्यात आडव्या बोटाचे चार आहेत," केदार म्हणाला. "चारही कठीण."

मंजुळाताईंनी पदर कमरेला खोचला, गिटार जवळ ओढली आणि डावा हात मानेवर ठेवला. "पहिला कुठला?" त्यांनी विचारलं.